ओपीडीबाहेर एक टेबल टाका आणि तिथे लायब्रेरियन बसवा

मागच्या पावसाळ्यात आमच्या मावशीला संधिवात निघाला. गुडघे कुरकुरतात तो म्हातारपणाचा नाही, तो दुसरा, सकाळी उठल्यावर बोटं आखडून बसतात आणि तासभर मूठ वळत नाही तो. मावशी कळव्याला खारेगावात राहते. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, कारण डॉक्टरांचं काही चुकलंच नव्हतं, त्यांनी कागदावर अगदी बरोबर लिहिलं होतं की मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा, दर सोमवारी. फक्त लिहिलं होतं इंग्रजीत आणि डॉक्टरी अक्षरात. मेडिकलवाल्याने गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने एक उभी रेघ मारून दिली, म्हणजे एक गोळी. मग मावशी बीपीची रोज एक घेते तशीच हीपण रोज एक घ्यायला लागली. सहाव्या दिवशी तोंड आलं, आणि साधंसुधं नाही, पाणी गिळता येईना इतकं. तर ती म्हणे उष्णता झालीय, गुलकंद खाते.

त्या शनिवारी ती आमच्याकडे पाचपाखाडीला आली होती आणि नेमक्या तळमजल्यावरच्या काकू डबा परत द्यायला वर आल्या. काकू एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत सत्तावीस वर्षं नोकरी करून रिटायर झालेल्या. टेबलावर स्ट्रिप पडली होती, ती त्यांनी उचलली, उलटी करून वाचली आणि मावशीला विचारलं, "ही कधी कधी घेता तुम्ही?" मावशी म्हणाली रोज, सकाळी चहाबरोबर. काकूंचा चेहराच बदलला. मला म्हणाल्या, "डॉक्टरांचा नंबर आहे ना? आत्ता लाव, मला काही विचारू नकोस, त्यांना सांग की ही गोळी रोज घेतली गेलीय." फोनवर डॉक्टर म्हणाले ताबडतोब घेऊन या. पांढऱ्या पेशी खाली आल्या होत्या. चार-पाच दिवस ॲडमिट, मग सुटली. थोडक्यात वाचली असं आपण सहज बोलतो, पण या गोळीच्या बाबतीत ते अक्षरशः खरं असतं, आठवड्याची गोळी रोज घेतली गेल्याने माणसं दगावलेली आहेत आणि जगभरचे डॉक्टर-फार्मसिस्ट त्याबद्दल कित्येक वर्षं ओरडतायत.

आता ही मावशी अडाणी आहे का? जुनी एसएससी, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, शब्दकोडं पेन्सिलने नाही पेनाने सोडवते. म्हणून मला तो आरोग्य साक्षरता शब्द थोडा खटकतो. ऐकला की प्रौढ शिक्षणाचे रात्रीचे वर्ग डोळ्यासमोर येतात, पाटीवर ग म भ न. अर्थ तेवढा नाहीये त्याचा. आपल्या तब्येतीबद्दलची माहिती कुठे मिळते ते कळणं, मिळालेली समजणं, आणि समजून त्याप्रमाणे घरी वागता येणं, हे तिन्ही मिळून ती साक्षरता. अमेरिकेत २००३ साली मोठा सर्व्हे झाला होता प्रौढ लोकांचा, त्यात यात पक्के म्हणावेत असे फक्त १२ टक्के निघाले. मी स्वतः बी.कॉम. आहे, दिवसभर आकड्यांशीच खेळते, पण बाबांच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा, १.४ ठळक अक्षरात दिसलं तेव्हा रात्रभर झोपले नाही. ठळक म्हणजे त्या लॅबच्या रेंजच्या बाहेर, बस एवढाच त्याचा अर्थ असतो, पुढचं वय, वजन, आधीचा रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवणार, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं कधी.

आणि गंमत म्हणजे चूक नेहमी अवघड शब्दात नसते, सोप्यात असते. आमच्या ऑफिसमधल्या एकाच्या वडिलांना उपाशीपोटी शुगर तपासायला बोलावलं होतं, तर ते साबुदाण्याची खिचडी खाऊन गेले. गुरुवार होता, उपासच होता त्यांचा! हसू नका, त्यांनी सांगितलेलं शब्दशः पाळलं. आपल्या आज्या अनशापोटी म्हणायच्या, त्यात कसलाच घोळ नाही, पण तो शब्द आता छापील कागदावर दिसत नाही, तिथे एकतर फास्टिंग असतं नाहीतर निराहार. तसंच ते पॉझिटिव्ह-निगेटिव्हचं, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून पेढे वाटायचे बाकी ठेवलेले लोक मी पाहिलेत. मी ठाण्याहून ट्रान्सहार्बरने ऐरोलीला जाते, डब्यात रबाळे, घणसोली, महापेला शिफ्टला जाणारी पोरं असतात, आठवडाभर नाईट, पुढचा आठवडा डे. त्यातल्या एखाद्याला सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री जेवणाआधी इन्सुलिन लिहून दिलं तर ज्याची सकाळ संध्याकाळी सहाला होते त्याने ते कधी घ्यायचं? हा प्रश्न केसपेपरवर मावत नाही आणि तो विचारायचं सुचतही नाही, कारण लाईनीत मागे चाळीस जण उभे असतात.

डॉक्टरांना शिव्या घालणं सोपं आहे, मी घालणार नाही. २०१७ साली बीएमजे ओपन या वैद्यकीय नियतकालिकात सदुसष्ट देशांचा अभ्यास आला होता, की साधा तपासणारा डॉक्टर एका पेशंटला किती वेळ देतो. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद. आपला आकडा दोन मिनिटांच्या आसपास. दोन मिनिटांत नाव, तक्रार, छातीला स्टेथोस्कोप, औषध लिहिणं आणि वर समजावून सांगणं? सरकारी ओपीडीत मुरबाड-शहापूरहून पहाटेची एसटी नि लोकल पकडून आलेला माणूस बाराला नंबर लागला की दोन मिनिटांत बाहेर येतो, आणि बाहेर आल्यावर पहिला प्रश्न जो समोर दिसेल त्याला विचारतो. समोर कोण असतं? सिक्युरिटीवाला, नाहीतर वॉर्डातले मामा. तेही बिचारे सांगतात आपल्या परीने.

मग कोणी म्हणेल की माणसं आहेत की नेमलेली. आहेत ना. योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र असतो, पण तो जन आरोग्य योजनेच्या कागदांसाठी, रेशनकार्ड, मंजुरी, क्लेम यातच त्याचा दिवस जातो. सरकारी ठिकाणी समाजसेवा अधीक्षक असतात, ते पैशाची मदत, बेवारस पेशंट, नातेवाईक शोधणं यात बुडालेले. आशाताई गावात-वस्तीत फिरते, तिच्या डोक्यावर आधीच इतकी रजिस्टरं आहेत की आणखी एक द्यायचं म्हणजे पाप. सिस्टर, त्यांचं तर विचारूच नका. सगळ्यांचं थोडं थोडं काम आहे हे, म्हणून कोणाचंच नाही.

आणि आता माझा मुद्दा. प्रत्येक मेडिकल कॉलेजला लायब्ररी लागते, त्याशिवाय मान्यता मिळत नाही, आणि लायब्ररी म्हटली की शिकलेला लायब्रेरियन आलाच. आपल्याच पट्ट्यात बघा, कळव्याला महापालिकेचं कॉलेज आहे, नेरूळला आहेत, कामोठ्याला आहे. म्हणजे आजाराची खात्रीची माहिती कुठे असते, ती कशी शोधायची, जुनी कुठली नवी कुठली, कोणी पैसे देऊन लिहून घेतलेली कुठली, हे ओळखण्यात ज्याचं आयुष्य गेलंय असा माणूस त्याच आवारात पगारावर बसलेला आहे. फक्त नियमानुसार तो विद्यार्थ्यांसाठी आणि डॉक्टरांसाठी, पेशंट त्याच्या नियमातच नाही. एक जिना आणि एक आयकार्ड, एवढंच मधे आहे. ते आयकार्ड काढा म्हणते मी. लायब्ररीत झुंबड नको असेल तर लायब्रेरियनला खाली आणा, ओपीडीच्या बाहेर, औषधाच्या खिडकीशेजारी, एक टेबल, दोन खुर्च्या, एक प्रिंटर.

लायब्रेरियन म्हटलं की आपल्याला पुस्तकावर शिक्का मारणारा आणि दंड मागणारा माणूस आठवतो, मलाही काकूंशी बोलेपर्यंत तेच वाटायचं. काकूंनी सांगितलेली एक गोष्ट सांगते. एक जण त्यांच्याकडे यायचा, वॉर्डातल्या कोणीतरी पाठवलेला. आत सोडता येत नव्हतं म्हणून त्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. त्याने विचारलं, "किडनीवर मराठीत पुस्तक आहे का?" काकू म्हणाल्या, असा प्रश्न आला की पुस्तक द्यायचंच नाही आधी, विचारायचं, किडनीचं नेमकं काय हवंय, कोणासाठी, काय ऐकलंत. दहा मिनिटं गेली तेव्हा कळलं की त्याच्या भावाला किडनी लागणार होती आणि याची जुळत होती, आणि याला हे जाणून घ्यायचं होतं की एक देऊन टाकल्यावर आपण गोदीतलं वजन उचलायचं काम करू शकू का, आणि लग्न जमेल का. हे तो घरात विचारू शकत नव्हता, डॉक्टरांसमोर आई उभी असायची. काकूंनी त्याला दात्याच्या तब्येतीबद्दल जे मिळालं ते वाचून दाखवलं, चार प्रश्न कागदावर मराठीत लिहून दिले आणि ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरकडे एकट्याने जा म्हणून सांगितलं. किडनी दे किंवा देऊ नको यातलं अक्षरही त्या बोलल्या नाहीत. पुढे काय झालं त्यांना माहीत नाही. मी विचारलं, तुम्हाला जाणून घ्यावंसं वाटलं नाही? तर म्हणाल्या, वाटलं, पण ते माझं काम नव्हतं.

या विचारण्याला त्यांच्या शास्त्रात रेफरन्स इंटरव्ह्यू म्हणतात आणि ते शिकवलं जातं, परीक्षा असते त्याची. माणूस पहिला प्रश्न विचारतो तो क्वचितच त्याचा खरा प्रश्न असतो. आपण सगळे तसेच असतो, डॉक्टरकडे जाऊन म्हणतो जरा अशक्तपणा वाटतोय आणि दरवाजात उठताना म्हणतो, हां, आणि छातीत पण दुखतं कधी कधी.

दुसरी गोष्ट काकूंची मला भारी आवडली. समजलं का, असं त्या कधीच विचारत नाहीत. कारण समजलं का म्हटलं की मराठी माणूस हो म्हणतो, नाही म्हणणं म्हणजे समोरच्याचा अपमान किंवा आपली लाज. त्या विचारतात, "घरी गेल्यावर सूनबाईला काय सांगाल?" मग माणूस सांगायला लागतो आणि कुठे घोळ आहे तो तिथल्या तिथे दिसतो. बाहेरच्या देशात याला टीच-बॅक असं नाव आहे, पण सूनबाईची आयडिया काकूंची स्वतःची. मावशीला पहिल्याच दिवशी कोणी एवढं एक वाक्य विचारलं असतं तर ती म्हणाली असती की रोज सकाळी एक, आणि विषय तिथेच संपला असता.

हे काही परदेशी फॅड नाही. रंगनाथन आपलेच, १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम लिहिले आणि जगभर ते अजून शिकवतात. पुस्तकं वापरण्यासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, आणि पाचवा की ग्रंथालय वाढत राहणारी गोष्ट आहे. वाचकाच्या जागी पेशंट लिहा आणि चौथा नियम परत वाचा. १२ ऑगस्टला त्यांच्या वाढदिवशी आपण ग्रंथपाल दिन करतो, हार घालतो फोटोला, भाषणं होतात, वडापाव होतो.

बाहेर काय झालंय ते थोडक्यात सांगते, कारण तिकडचं कौतुक करत बसायचा मला कंटाळा आहे. अमेरिकेत १९७१ मध्ये गर्ट्रूड लॅम्ब नावाच्या बाईंनी मेडिकल लायब्रेरियनना डॉक्टरांबरोबर वॉर्डाच्या राऊंडला पाठवायला सुरुवात केली. त्यांच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९९८ मध्ये सामान्य माणसासाठी मेडलाईनप्लस नावाचं संकेतस्थळ काढलं, सोप्या भाषेत, जाहिरात नाही, फुकट. इंग्लंडमध्ये २०१३ पासून चिंता, डिप्रेशन असलेल्यांना डॉक्टर पुस्तक लिहून देऊ शकतात आणि ते जवळच्या सार्वजनिक वाचनालयात मिळतं. आपल्याकडेही झालंय की, मुंबईत डॉ. अनिरुद्ध आणि डॉ. अंजली मालपाणी यांनी नव्वदच्या दशकातच पेशंटसाठी हेल्प नावाची मोफत लायब्ररी उघडली होती. कॅन्सरच्या पेशंटसाठी जासकॅप या संस्थेने मराठीत पुस्तिका काढल्या. म्हणजे कल्पना नवीन नाही, ती कोणा एकाच्या तळमळीवर चालली, सिस्टीममध्ये आली नाही, बस.

आता विरोध. पहिला डॉक्टरांचा, आणि तो मला समजतो. अर्धवट ज्ञान धोकादायक, पेशंट उलटे प्रश्न विचारतील, वाद घालतील. कितीतरी दवाखान्यांत पाटी असते ना, गुगल करून आलेल्यांची फी डबल. विनोद म्हणून ठीक आहे, पण मग त्याने विचारायचं कोणाला? तुम्ही डॉक्टर स्वतः अडलात की इंटरनेटवर पबमेडमध्ये वैद्यकीय शोधनिबंध बघता, आणि ते पबमेड एका लायब्ररीनेच चालवलेलं आहे, वर सांगितलेल्या त्या अमेरिकेतल्याच. अर्धवट ज्ञान पेशंटकडे आधीच आहे हो, कुटुंबाच्या ग्रुपवर रोज सकाळी येतं, भेंडीचं पाणी पिऊन शुगर गायब आणि अमुक काढ्याने कॅन्सर गायब. अशा जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे पण व्हॉट्सॲपवरच्या काकांना कोण पकडणार. ते ज्ञान अर्धवटाचं पूर्ण करणारा माणूस बसवायचा की अर्धवटच राहू द्यायचं एवढाच प्रश्न आहे.

लायब्रेरियन डॉक्टर होईल ही भीतीही फुकटची आहे. औषध कशाचं आहे, कसं घ्यायचं असं छापलंय, कुठल्या लक्षणाला लगेच डॉक्टर गाठायचा, हे तो सांगेल. तुम्ही घ्यावं की नाही, डोस किती, हे तो सांगणार नाही. ही रेघ त्यांच्या धंद्यात आपल्यापेक्षा जास्त कडक पाळली जाते. काकूंनी मावशीला गोळी बंद करा असंसुद्धा म्हटलं नाही हो, फोन लाव म्हणाल्या.

दुसरा विरोध आमच्या घरातूनच, भाच्याकडून. म्हणे आता एआय आहे, रिपोर्टचा फोटो टाकायचा, मराठीत उत्तर येतं. मी पण टाकते, खोटं कशाला बोलू. उत्तर छान येतं, कधी कधी फारच छान. पण ते मी विचारलं त्याचं येतं. मावशीने त्याला काय विचारलं असतं? तोंड आलंय, काय करू. कदाचित ते विचारेल की कुठलं औषध चालू आहे का, मग मावशी म्हणेल संधिवाताची गोळी, आणि रोज घेतेय हे ती सांगणारच नाही कारण तिच्या दृष्टीने ते सांगण्यासारखं नाहीच. स्ट्रिप उचलून उलटी करणारा हात लागतो मधे. शिवाय खारेगावातल्या माझ्या मावशीचा फोन म्हणजे मुलाने दिलेला जुना, आवाज फुटका, स्क्रीनला तडा.

सरकारनेही कागदावर बरंच केलंय, त्याचं श्रेय द्यायला हवं. डॉक्टरांनी औषधाचं नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरात लिहावं हे २०१६ पासून नियमात आहे. त्याच वर्षी अँटिबायोटिकच्या स्ट्रिपवरच्या लाल रेघेची मोहीम झाली, की ही रेघ दिसली तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. तुम्हाला माहीत होती? मला काकूंनी दाखवेपर्यंत ती डिझाईन वाटायची. ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड आलाय, मी स्कॅन केला, त्यात कंपनी, बॅच नंबर, एक्स्पायरी, लायसन्स नंबर सगळं आहे. गोळी खरी की बनावट ते कळतं, आणि तेही महत्त्वाचं आहेच, पण ती रोज घ्यायची की सोमवारी ते त्यात कुठून येणार. महाराष्ट्रात २०२१ पासून खाजगी नर्सिंग होममध्ये रुग्णहक्कांची सनद लावायची आहे, त्यात आजाराची माहिती मिळण्याचा हक्क लिहिलाय. ऑपरेशनच्या संमतीआधी पुरेशी माहिती दिलीच पाहिजे हे सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये सांगून झालं. आणि आपण नातेवाईक काय करतो, इथे सही करा म्हटलं की इथे सही करतो. सहा पानी इंग्रजी फॉर्म, पेन सिस्टरचं, ते लगेच परत द्यायचं असतं. हक्क भिंतीवर आहे पण तो वापरायला मदत करणारं कोणी खाली नाही.

मराठी मजकुराचं दुखणं वेगळंच. जे आहे ते बऱ्याचदा असं असतं: सोडियमचे सेवन मर्यादित करावे. अरे लोणचं, पापड, फरसाण, वरून घेतलेलं मीठ असं लिहा ना! ठाणे-नवी मुंबईत आगरी-कोळी घरं आहेत, तिथे सुकी मच्छी असं लिहावं लागेल, वाशी मार्केटमधल्या माथाडी कामगाराचं जेवण वेगळं, त्याची मिठाची जागा वेगळी. असं पत्रक टेबलावर बसलेला माणूसच करू शकतो कारण कुठल्या शब्दाला पेशंटच्या कपाळावर आठी पडते ते त्याला रोज दिसतं. ऑफिसात बसून भाषांतर करणाऱ्याला नाही दिसत.

खरी अडचण मला एकच वाटते आणि तिचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. लाज आणि गुपित. टीबी, एचआयव्ही, मनाचे आजार. ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे, आणि इतकी वर्षं या शहरात राहून आपण त्याचं नाव अजून भांडणात शिवीसारखं वापरतो. घरात मुलाला भास होतात, तर ती आई ओपीडीच्या गर्दीतल्या टेबलावर येऊन काय विचारेल? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटला माहितीचा हक्क दिलाय, पण गर्दीत तो मागायचा कसा. काकू म्हणतात लायब्ररीत काय वाचलं हे कोणाला सांगायचं नसतं, त्यामुळे नाव लिहायचं रजिस्टरच ठेवू नका, आणि टेबल एका कोपऱ्यात, पाठ भिंतीला. एवढ्याने भागेल? अर्धं भागेल. अर्धं तरी भागू दे.

पैशाचं मी फार बोलणार नाही. एक टेबल नि एक बी.लिब. झालेला माणूस याला किती लागतात ते महापालिकेच्या कुठल्याही क्लार्कला विचारा, आणि मग एखाद्या चौकातल्या सुशोभीकरणाला किती लागले तेही विचारा. बी.लिब., एम.लिब. करून कॉल सेंटरला लागलेली पोरं माझ्या ओळखीची आहेत.

आणि सगळं हॉस्पिटलातच व्हायला पाहिजे असंही नाही. आमचं ठाणे वाचनालयांचं शहर म्हणून मिरवतं. मराठी ग्रंथसंग्रहालय इथे १८९३ साली सुरू झालं, वि. ल. भावे आणि मंडळींनी, तेव्हा मराठी पुस्तकं एका जागी जमवणं हेच मोठं काम होतं आणि ते त्यांनी केलं. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आपल्याकडे १९६७ पासून आहे, अ ब क ड वर्गाची वाचनालयं गल्लोगल्ली आहेत, बऱ्याच ठिकाणी दुपारी पेपर वाचणारे चार आजोबा आणि पंखा एवढंच असतं. मेडिकल कॉलेजच्या लायब्रेरियनने महिन्यातून दोनदा तिथल्या ग्रंथपालाला शिकवलं, एक कपाट आरोग्याचं केलं, दर वर्षी जुनं काढून नवं ठेवलं, तर ते चार आजोबाच पहिले गिऱ्हाईक होतील, चौघांनाही बीपी आहे, पैजेवर सांगते. जुनं काढणं महत्त्वाचं बरं का. आरोग्याच्या कपाटात वीस वर्षांपूर्वीचं मधुमेहाचं पुस्तक ठेवणं म्हणजे एक्स्पायरी झालेली गोळी ठेवणं, हे काकूंचं वाक्य.

तर आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयाच्या कमिटीकडे मी नि काकू गेलो होतो. दोन मीटिंगा झाल्या. पहिल्यात सगळ्यांनी आपापले आजार सांगितले. दुसऱ्यात गुरुवारी चार ते सहा एक टेबल मिळालं, भाडं नाही, चहा स्वतःचा. मी उत्साहात पाटी करून आणली, आरोग्य सल्ला केंद्र, निळ्या अक्षरात. काकूंनी ती बघितली आणि परत दिली. सल्ला मी देत नाही म्हणाल्या, खोटी पाटी लावणार नाही. बरीच वादावादी झाली, कोणी माहिती केंद्र म्हणालं, कोणी मार्गदर्शन म्हणालं, शेवटी एका पुठ्ठ्यावर नुसतं 'विचारा' लिहून लावलं.

पहिल्या गुरुवारी कोणी आलं नाही. दुसऱ्या गुरुवारी एक गृहस्थ आले आणि म्हणाले आधार कार्डावरचं नाव इथे दुरुस्त होतं का. मी नाही म्हणून त्यांना पाठवतच होते, काकूंनी खुर्ची पुढे केली, बसा म्हणाल्या, कशाला लागतंय आधार? बायकोच्या ऑपरेशनला. योजनेचं कार्ड निघत नाहीये, रेशनकार्डावर नाव वेगळं आणि आधारवर माहेरचं. ऑपरेशन कसलं? ते त्यांना नीट सांगता येईना, पिशवीचं म्हणाले. मग खिशातून घडी घातलेला सोनोग्राफीचा रिपोर्ट निघाला, आणि काकूंनी चष्मा लावला.